दुसऱ्या खंडातले शेजारी

भिण्याच्या बाबतीत आमच्या शेजाऱ्यांचा हात धरील असा माणूस त्या काळी अख्ख्या खानदेशात शोधून सापडला नसता. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही, कौतुकानं सांगतो. भितात सगळेच, पण बाकीचे चोरून भितात. आमचे शेजारी राजरोस भ्यायचे, आणि समोर कोण बसलं आहे याचा मुलाहिजा न ठेवता ‘मला भीती वाटते बुवा’ असं खणखणीत आवाजात सांगून मोकळे व्हायचे. भुसावळजवळ दीपनगरच्या वसाहतीत आमची क्वार्टर्स एकमेकांना लागून होती. मधे एक भिंत, मागं कपडे वाळत घालायला एक सामायिक तार आणि त्या कपड्यांवर वीज केंद्राच्या चिमण्यांची सामायिक राख. आम्ही दोघंही त्या केंद्राच्या स्टोअर्समध्ये होतो. ते मला बरेच वडील. आता वीज तयार होते तिथं पगार घेणाऱ्या माणसानं निदान विजेला तरी भिऊ नये की नाही? पण ते घरातलं बटण कधी हातानं दाबायचे नाहीत. पायात रबरी चपला घालायचे, हातात लाकडी लाटणं घ्यायचे, लांबून नेम धरायचे आणि मग दिवा लागायचा. दिवेलागणीची वेळ आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, पोळ्यांची वेळ नेमकी एक. त्यामुळे रोज भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायचा, ‘आधी दिवा लावतस का आधी पोया करू देतस, ते तं ठरावा!’ काकू दोंडाईच्याकडच्या, तेही तिकडचेच. ऑफिसात आणि माझ्याशी ते शहरी मराठी बोलत, पण घरात अहिराणीच चालायची.

कुत्र्यांचं प्रकरण तर वसाहतीत गाजलेलं होतं. ऑफिसच्या रस्त्यावर चारपाच कुत्री पडलेली असायची. त्यांना भिऊन आमचे शेजारी खिशात भाकरीचे तुकडे ठेवायला लागले. जकात भरल्यासारखा प्रत्येक वळणावर एक तुकडा टाकायचा आणि पुढं सरकायचं. कुत्र्यांना ही व्यवस्था इतकी पसंत पडली, की महिन्याभरात ती सगळी पलटण त्यांना घरापासून ऑफिसपर्यंत पोचवायला आणि संध्याकाळी आणायला जाऊ लागली. लोकांना वाटायचं, काय या माणसाचा मुक्या जनावरांवर जीव आहे! एका बाईनं तर तसं काकूंना बोलूनही दाखवलं. शेजाऱ्यांनी तो मान घेतला नाही. ‘माया वगैरे काही नाही,’ ते म्हणाले, ‘मला त्यांची भीती वाटते. त्यांना अजून कळलेलं नाही, तोवर ठीक आहे.’ एवढं बोलून त्यांनी सगळ्यात मोठ्या कुत्र्याला मागं न बघता हात मागं करून तुकडा दिला.

लग्नसुद्धा त्यांचं या गुणावरच जमलेलं. मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीकडच्यांनी शेती किती, नोकरी कशी ते विचारलं. यांनी पोह्याची बशी खाली ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, ‘एक गोष्ट आधी सांगतो. मी भित्रा आहे. नंतर फसवलं म्हणू नका.’ यांच्या थोरल्या भावानं तिथंच कपाळावर हात मारून घेतला. पण काकूंनी होकार दिला. का दिला, असं माझ्या बायकोनं एकदा विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, ‘बाकीना बठ्ठा स्वतःले वाघ सांगेत. हाऊ एकलाच खरं बोलना.’ बठ्ठा म्हणजे सगळे. आणि हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी फौजदारांच्या बायकांच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांची डिक्शनरी. भुसावळला रेल्वेच्या बंगल्यात राहणारं एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा त्यांनी घरातलं सामान दारात मांडून विकायला काढलं. लोकांनी खुर्च्या उचलल्या, कपाटं उचलली. आमच्या शेजाऱ्यांनी उशीएवढी जाड इंग्रजी डिक्शनरी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली, आणि ट्रक दिसला की खाली उतरत उतरत ती सुखरूप घरी पोचवली. उघडून पाहतात तर तो दुसरा खंड! ‘एम’पासून ‘झेड’पर्यंत. पहिला खंड त्यांच्या आधी येऊन एका शेंगदाणेवाल्यानं रद्दीच्या भावानं नेला होता. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. यांनी त्याच दिवशी ‘एम’ उघडून वाचायला सुरुवात केली. त्यानंतर रोज जेवण झालं की दोन पानं. त्यामुळे त्यांचं इंग्रजी अर्ध्यातून सुरू व्हायचं. साध्या ‘कॅट’पाशी ते चाचपडायचे, पण ‘रॅबिट’ म्हटलं की त्याची सात पिढ्यांची वंशावळ सांगायचे. शिवाय नशीब असं, की भीतीचा बराचसा माल या दुसऱ्याच खंडात भरलेला. पॅनिक, क्वेक, शिव्हर, टेरर, ट्रेम्बल, सगळे तिथं. ‘आणि करेज?’ मी एकदा विचारलं. ‘ते पहिल्या खंडात. आपल्याकडे नाही,’ त्यांनी शांतपणे सांगितलं. स्टोअर्समधल्या एका शहाण्यानं ‘व्हॅलर’ म्हणजेही धैर्यच, ते तुमच्याच खंडात आहे, म्हणून दाखवून दिलं. ‘आहे ना,’ शेजारी म्हणाले, ‘पण किती मागं आहे बघा. तिथवर जायचं तर वाटेत टेरर लागतं.’

तरीपण करेजची आशा त्यांनी सोडली नाही. तो शेंगदाणेवाला बाजारात कुठं बसतो ते शोधून काढलं आणि दर रविवारी त्याच्याकडून पुड्या घ्यायला लागले. एक पुडी घ्यायची, दाणे खिशात ओतायचे, कागद उलगडून वाचायचा, मान हलवायची, दुसरी पुडी. एवढे दाणे खाऊन पोट बिघडलं, काकूंनी पथ्याची खिचडी चालू केली, पण पुडीत एकदा ‘कॅबेज’ निघाला त्यापलीकडे मजल गेली नाही. तो कागद मात्र त्यांनी दुसऱ्या खंडात जपून ठेवला. जवळ आलोच आहोत असं त्यांचं म्हणणं होतं.

अशात एकदा तपासणीसाठी बाहेरून एक बडे साहेब आले. बॉयलरच्या वरच्या मजल्यांवर पडलेलं सामान मोजायचं होतं आणि तिथं जाणारा जिना म्हणजे नुसती लोखंडी जाळी. पायाखाली बघावं तर पायच दिसतात आणि त्यांच्याखाली भुई. साहेब भराभर वर गेले, त्यांच्यामागं आम्ही गेलो. आमचे शेजारी तिसऱ्या पायरीवर दोन्ही हातांनी कठडा धरून उभे. साहेब वरून गरजले, ‘व्हाय डू यू क्वेल, मॅन?’ आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेजाऱ्यांनी कठडा सोडला नाही, मान तेवढी वर केली आणि तितक्याच मोठ्यानं विचारलं, ‘स्पेलिंग, सर?’ साहेब इतके चकित झाले की त्यांनी एकेक अक्षर करून सांगून टाकलं. ‘थँक यू, सर,’ म्हणून शेजारी तीन पायऱ्या उतरले आणि सामान मोजायचं काम बिनबोभाट माझ्या अंगावर पडलं.

संध्याकाळी मी घरी आलो तर हे दारातच उभे. ‘सापडला!’ म्हणाले, आणि मला हाताला धरून आत नेलं. क्वेल म्हणजे धीर सुटणं. हा झाला आजचा अर्थ. त्याआधी हा शब्द रोपाला, फुलाला लावायचे. कोमेजणं, माना टाकणं. आणि याच रूपाचा आणखी एक जुना शब्द आहे, तो दुधाचा. क्वेल म्हणजे दूध फाटणं. फ्रेंचांकडून आलेला, त्यांना तो लॅटिनमधून मिळालेला. आता धीर सुटण्याचा क्वेल या दुधाच्या क्वेलमधून निघाला की वेगळ्याच घरचा आहे, यावर पंडितांचं एकमत नाही. डिक्शनरीत चक्क लिहिलं होतं, की उगम नक्की सांगता येत नाही. त्या ओळीवर बोट ठेवून शेजारी मला म्हणाले, ‘बघा. एवढे मोठे विद्वान, एवढं मोठं पुस्तक, पण भीती कुठून येते ते यांनाही सांगता येत नाही. मग माझ्यासारख्यानं कुठून सांगावं?’ त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान क्वचित पाहिलं असेल. ऑफिसात कुणीतरी क्वेल म्हणजे लावा पक्षी ना, असं विचारलं तर ते भडकायचे. ‘पाखराचा काही संबंध नाही! पाखराचं घराणं वेगळं! उगीच गरिबाला बदनाम करू नका.’ भडकलेले शेजारी तेवढ्यापुरतेच पाहायला मिळायचे.

त्यांना स्वतःला दुधाचा अर्थ पटला होता आणि तो त्यांनी आपल्या पद्धतीनं वाढवला. ‘आपल्याकडं भ्यालं की हातपाय गळतात, धाबं दणाणतं, तोंडचं पाणी पळतं,’ ते सांगायचे. ‘सगळं लांबून दिसण्याजोगं. पण दूध फाटतं ते गुपचूप फाटतं. वरून पांढरंच असतं. ज्याला दूध कळतं तोच भांडं तिरकं करून बघतो आणि म्हणतो, गेलं हे.’ आता हे नक्की कसं होतं याचा छडा लावायला त्यांनी आमच्या दूधवाल्याला धरलं. तो जवळच्या खेड्यातला, सायकलला कॅन लावून यायचा. सकाळी सकाळी यांनी त्याला विचारलं, ‘दूध फाटायच्या आधी काही कळतं का हो?’ त्याचा चेहरा पडला. ‘भाऊ, मायची आन, म्या पानी टाकेल नाई!’ ‘पाण्याचं नाही विचारत. दूध भितं कधी, ते विचारतोय.’ दूधवाल्यानं कॅन उचलला आणि त्यानंतर आठवडाभर तो आमच्याच दारात दोघांचं दूध ठेवून पळायचा.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. शेजाऱ्यांचं मूळ गाव दोंडाईच्याच्या पुढं, बसनं थोडं आत. तिथं चैत्रात खंडेरावाची जत्रा भरते आणि जत्रेत बारागाड्या ओढतात. ज्यांनी त्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. बैल सोडलेल्या बारा गाड्या साखळदंडानं एकामागं एक जोडायच्या, त्यांवर मावतील तितकी आणि मग आणखी थोडी माणसं चढायची, आणि ती सगळी माळ कमरेला दोर बांधून एका माणसानं ओढायची. त्याला भगत म्हणतात. दोन्ही बाजूंना त्याला धरायला बगले असतात, पण पुढं तो असतो. सुरुवातीला गाड्या हलत नाहीत हा एक घोर, आणि उताराला लागल्या की थांबत नाहीत हा त्याहून मोठा. अडखळला तर मागचं सगळं अंगावर. हा मान शेजाऱ्यांच्या घराकडं होता आणि वर्षानुवर्षं त्यांचे थोरले भाऊ नाना गाड्या ओढत आले होते. नाना म्हणजे उंचनिंच, आवाज असा की शेतात बोलले तर वेशीत ऐकू यावं. आमच्या शेजाऱ्यांकडं पाहून हे सख्खे भाऊ, यावर कुणाचा विश्वास बसत नसे.

एका वर्षी नानांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मान त्यांच्या मुलाकडं, बापूकडं आला. बापू पंचविशीचा, तालमीत तयार झालेला, नुकतंच लग्न झालेलं. शेजारी कुठंही एकटे प्रवास करत नसत, त्यामुळे दरवेळेप्रमाणं मलाही सुरतेच्या पॅसेंजरनं बरोबर नेलं. गावात पोचलो तो पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या मारुतीच्या पारापासून देवळापर्यंत ओढायच्या, मधे चांगलाच उतार. माणसं गाड्यांवर घोसानं लटकलेली, काही धिंगाणा घालणारी, ‘येळकोट’च्या आरोळ्या, हळदीचा भंडारा सगळीकडं उडालेला. बापू पिवळा होऊन उभा होता, कमरेला शेला, हातात काठी. लोक त्याच्या दंडांकडं बघून खूश होते. मीही खूश होतो.

त्या घराची एक रीत होती. भगतानं दोराला हात लावायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी एकेक करून त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा. एकाचाही लावायचा राहिला तर गाड्या निघायच्या नाहीत. नानांनी लावला, चुलत्यांनी लावला. शेवटी आमचे शेजारी चिमूट घेऊन पुढं गेले. दरवर्षी ते नानांना भंडारा लावायचे आणि लगेच पाठ फिरवून गाड्या थांबेपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे लोक आधीच हसायला लागले होते. मी त्यांच्या अगदी मागं होतो. त्यांनी हात वर केला, बापूच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हात तिथंच थांबला. मला तर काहीच वेगळं दिसलं नाही. छाती पुढं, मान ताठ. पण शेजारी वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, ‘काय रे?’ आणि बापू ओठ न हलवता बोलला, ‘काका, पाय सुन्न व्हयी ग्यात. नानाले सांगू नका.’

सांगायचं कसं? नानांच्या घरचा भगत भ्याला, हे गावात कळलं तर बापूला तिथं तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि नानांना तर त्याहून नाही. न सांगावं तर समोर उतार. शेजाऱ्यांनी हात खाली घेतला, मूठ मिटली आणि जत्रेतल्या एवढ्या गोंगाटात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘मी भंडारा लावाव नही.’

‘काय म्हनस?’ नाना पुढं आले.

‘माले भ्याव लागस, नाना. गाड्यास्वरथून बठ्ठा लोकं उतरू द्या. रिकाम्या गाड्या वढू द्या. मंग लावस.’

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग जो हलकल्लोळ झाला तो मी विसरणार नाही. गाडीवरून कुणी ओरडलं, ‘ओ दीपनगरवाला, जाय, बायकोना पदरमा लपी बस!’ कुणी टोपी फेकून मारली. नानांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते दात ओठ खाऊन म्हणाले, ‘मूठ उघड. देवना समोर मनी अब्रू घालू नको.’ शेजारी थरथर कापत होते. खोटं नाही, त्यांचे पाय, हात, हनुवटी सगळं कापत होतं, आणि मूठ तेवढी घट्ट होती. ‘माले भ्याव लागस,’ ते पुन्हा म्हणाले. कुणी समजावलं, कुणी शिव्या दिल्या, कुणी हात पिरगाळायला आला त्याला मी आडवा झालो. प्रत्येकाला त्यांचं उत्तर एकच. आयुष्यभर जे वाक्य त्यांनी कुत्र्याला, बटणाला, जिन्याला बघून म्हटलं होतं, तेच ते आता साऱ्या गावाला म्हणत होते आणि गावापुढं एक पाऊल मागं सरकत नव्हते. ऊन उतरायला लागलं. गाड्या निघाल्या नाहीत तर देवाचा कोप, म्हणून म्हातारी माणसं घाबरली. शेवटी पंचांनी हात जोडून लोकांना खाली उतरवलं. गाड्या रिकाम्या झाल्या. शेजाऱ्यांनी मूठ उघडली; घामानं हळदीचा चिखल झाला होता. तोच त्यांनी बापूच्या कपाळाला लावला आणि बापूनं रिकाम्या गाड्या देवळापर्यंत नीट नेल्या. या वेळी शेजाऱ्यांनी पाठ फिरवली नाही. शेवटपर्यंत बघत राहिले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मला राहवलं नाही. म्हटलं, ‘तुम्ही स्वतःवर का घेतलंत? लोक आता काय काय बोलतील.’ ते खिडकीपासून लांब बसले होते, कारण खिडकीची त्यांना भीती वाटे. म्हणाले, ‘मी खोटं कुठं बोललो? मला भीती वाटतच होती. त्याची लपवायची होती, माझी तर जगजाहीर आहे. त्यात थोडी भर पडली.’ एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला आणि मला कुणाला काही न सांगण्याची शपथ घातली. काकूंनाही नाही. दीपनगरला आल्यावर ते नेहमीसारखे लाटणं घेऊन बटणापाशी गेले.

पण किंमत पडायची ती पडलीच. नानांनी बोलणं टाकलं. शेताचं काही विचारायचं असलं तरी बापूच्या तोंडून निरोप यायचा. गावात यांना भ्याड काका हे नाव पडलं ते कायमचं. पुढच्या वर्षीपासून गाड्या रिकाम्याच ओढायच्या असं पंचांनी ठरवलं आणि त्याचाही राग लोकांनी यांच्यावरच काढला, जत्रेची मजा गेली म्हणून. चैत्र आला की शेजारी दोन दिवस डिक्शनरी उघडायचे नाहीत. बापू मात्र मिरचीचा हंगाम संपला की लाल मिरच्यांचं पोतं घेऊन यायचा, काकांसमोर पाटावर बसायचा, एक शब्द न बोलता चहा प्यायचा आणि पाया पडून जायचा. काकूंना वाटायचं, पोरगा फार मुका आहे. मला ते बघवत नसे. थोरल्या भावाच्या एका शब्दासाठी हा माणूस झुरत होता आणि तो शब्द आणू शकणारी गोष्ट त्याच्याच पोटात होती. पण त्यांनी ती बाहेर काढली नाही. भित्र्या माणसाच्या अंगी एवढा दम कुठून येतो, हे मला अजून उलगडलेलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, नव्वदची सालं निम्मी सरली असताना, नाना अंथरुणाला खिळले आणि त्यांचा निरोप आला. या वेळी खुद्द त्यांचा. आम्ही दोघं गेलो. दुपारची वेळ, ओसरीत खाट, त्यावर नाना. एवढा मोठा माणूस पाखराएवढा झाला होता. शेजारी उंबऱ्यातच थांबले. नानांनी हातानं जवळ बोलावलं, खाटेवर बसायला लावलं. मग त्या पूर्वीच्या आवाजाचा जेमतेम उरलेला अंश गोळा करून म्हणाले, ‘एक सांगू का? मी इतला वरीस गाड्या वढ्यात. दरसाल माले भ्याव वाटे. दरसाल, रे. पाय जड व्हयी जायेत. कोणले सांगू? मी भगत.’

नानांनी भावाचं मनगट धरलं. ‘पोऱ्यासाठे तू मूठ मिटी. मना वखतले का नही मिटी?’

मी तिथून उठून जावं की काय, अशा विचारात होतो. शेजाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ‘तुले इचाराले भ्याव वाटे, नाना,’ ते म्हणाले. ‘तुना कपाळले हात लावे तवय तू थंडगार राहे. माले समजे. पण तू मोठा, तुले कसं इचारू?’

दारात काहीतरी वाजलं. बापू चहाचे कप घेऊन उभा होता आणि सगळं त्यानं ऐकलं होतं. आता तोही चाळिशीकडं झुकलेला, दोन मुलांचा बाप. त्यानं कप खाली ठेवले आणि वडिलांच्या पायाशी येऊन बसला. ‘नाना,’ तो म्हणाला, ‘त्या दिन माले भ्याव वाटे, म्हनीसन काका बोलनात. मनाच पाय उचली नही राहिनथात. काकास्नी बठ्ठं सोतावर लिनं.’

नानांनी मुलाकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं. मला वाटलं, आता काय होतंय कोण जाणे. आणि म्हातारा हसायला लागला. आधी नुसती छाती हलली, मग घशातून आवाज आला, मग खोकला आणि हसू एकत्र. ‘म्हंजे आपलं बठ्ठं घरच भ्यायेल शे!’ ते म्हणाले. बापू हसला, शेजारी रडता रडता हसले, आत स्वयंपाकघरात बायका घाबरून बाहेर आल्या. तीन गडी एका खाटेवर एकमेकांचे हात धरून, आपण कुठं कुठं भ्यालो ते सांगत होते. नाना सांगत होते, एका वर्षी तर देवळाच्या कळसाकडं बघून, देवा आता पाऊस पाड म्हणजे जत्रा मोडेल, असं ते म्हणाले होते. चहा तसाच निवून गेला.

नाना त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. पण शेवटचे ते दिवस शेजारी तिथंच होते, खाटेच्या उशाशी. पुढं काही वर्षांनी शेजारीही गेले. मी दीपनगर सोडलं, मुलांच्या शहरात आलो. इथं सगळे धीट आहेत. निदान तसे दिसतात. परवा डॉक्टरांनी माझ्या तपासण्या लिहून दिल्या आणि घरच्यांनी विचारलं, ‘बाबा, टेन्शन नाही ना आलं?’ मी म्हटलं, ‘छे, त्यात काय!’ आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. तेव्हा त्यांची फार आठवण झाली. त्या मधल्या भिंतीवर दोन थापा माराव्यात आणि सांगावं, भीती वाटते हो, असं वाटलं. ‘वाटणारच, या, बसा,’ एवढंच ते म्हणाले असते, आणि तेवढंच मला हवं होतं.